वायरगार्ड आठ महिने वापरल्यावर: बटण चालू, पण नेट बंद

घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड या व्हीपीएनचा (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येणाऱ्या सुरक्षित बोगद्याचा) सर्व्हर, त्याला जोडलेला एक फोन, एक लॅपटॉप आणि गावाकडच्या घरातला दुसरा पाय. आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर सांगायचं तर वेग उत्तम, आणि वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी जोडणी टिकते. त्रास होतो तो जोडणीच होत नाही तेव्हा, कारण वायरगार्ड अवाक्षर काढत नाही. फोनवर किल्लीचं चिन्ह येतं आणि एकही पान उघडत नाही. समोरच्याची ओळख पटवणारी चावी जुळली नाही तर सर्व्हर उत्तरच देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच, पण त्यामुळे चुकलेली चावी आणि बंद पोर्ट (आत येण्याचं दार) बाहेरून अगदी सारखे दिसतात.

म्हणून आधी लॅपटॉपवर ‘सुडो डब्ल्यूजी शो’ (sudo wg show) ही आज्ञा चालवा. ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन टोकांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं) ही ओळच नाही, आलेले बाइट शून्य आणि गेलेले दर पाचेक सेकंदांनी 148 ने वाढतायत? म्हणजे हाक जातेय, ओ येत नाही. आता सर्व्हरवर टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन लावून यूडीपी 51820 हे वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट बघा. लॅपटॉप मात्र मोबाइल डेटावर हवा. घरच्याच वाय-फायवरून बाहेरचा पत्ता गाठायला बरेच राउटर देत नाहीत.

पॅकेट पोचतच नसेल तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे नेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली हाक राउटरने पायकडे वळवणं) कितीही वेळा करा, उपयोग नाही. स्टॅटिक आयपी (स्वतःचा न बदलणारा बाहेरचा पत्ता) घ्या किंवा मध्ये एक छोटा भाड्याचा सर्व्हर ठेवा.

पॅकेट पोचतंय पण 92 बाइटचं उत्तर निघत नाही, तर बहुतेक वेळा चाव्यांची अदलाबदल असते: समोरच्याच्या जागी स्वतःचीच पब्लिक की. चाव्या बरोबर असतील तर घड्याळ तपासा. हे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का सर्व्हर नाकारतो. पाय 4 पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळच नाही. गावाकडे वीज जाऊन आली की तिथला पाय मागची वेळ घेऊन उठतो. त्यात ‘अलाउड आयपीज’मध्ये (बोगद्यातून कोणत्या पत्त्यांकडे जायचं त्या यादीत) 0.0.0.0/0, म्हणजे सगळेच पत्ते, असतील तर वेळ जुळवणारी विनंतीही त्याच बंद बोगद्यात अडकते. डीएस3231 हे बॅटरीच्या घड्याळाचं मॉड्यूल बसवा किंवा त्या यादीत फक्त घरचं सबनेट (घरच्या नेटवर्कचे पत्ते) लिहा. दोन्हीकडे 192.168.1 असेल तर एकीकडचं आधी बदला.

हँडशेक होतो, पिंग जातो, पण मोठी पानं अर्धवट लटकतात? एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1420 वरून 1280 करा. थोड्या वेळाने बाहेरून पोचता येत नसेल तर नॅटमागच्या, म्हणजे राउटरआड असलेल्या, टोकाला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (वाट उघडी ठेवणारं छोटं पॅकेट) 25 सेकंद द्या.

आणि एकच कॉन्फिग फाइल फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर टाकू नका. सर्व्हर एका चावीसाठी एकच पत्ता धरून ठेवतो. शेवटचं पॅकेट ज्याचं, उत्तरं त्याच्याकडे, आणि दुसऱ्याचं नेट मध्येच थांबतं.