शाडूची दहा किलो माती : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस मी पुण्यातील एका दुकानातून शाडूच्या कोरड्या मातीच्या ५-५ किलोंच्या २ पिशव्या आणल्या. २७ ऑगस्टला बसणारा गणपती मुलांनी स्वतःच्या हातांनी घडवावा, एवढाच तेव्हा हेतू होता. आता गुढीपाडवाही होऊन गेला आहे आणि ती माती अजून संपलेली नाही. मूर्तीनंतर ती दिवाळीच्या किल्ल्याला लागली, मग गॅलरीतल्या बागेत गेली. या काळात तिने काही ठिकाणी मन जिंकले, तर काही ठिकाणी नुकसानही केले. शाडू घेऊ इच्छिणाऱ्यांना दोन्ही बाजू कळाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भिजवून मळलेला तयार गोळाही बाजारात मिळतो. परंतु कोरडी पूड घेण्याचा निर्णय योग्य ठरला असे मला वाटते. एका किलोला साधारण पाव लिटर पाणी लागते आणि तेही थोडे थोडे घालत कणकेसारखे मळावे लागते. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला की सकाळी तो लोण्यासारखा मऊ येतो. आमची नऊ इंची मूर्ती सुमारे ४ किलो मातीत झाली. पहिली मूर्ती मात्र तिसऱ्या दिवशी तडकली, कारण आम्ही पाट भरीव केला होता. बाहेरचा थर वाळून आकसला, आत ओल तशीच राहिली आणि पाटापासून पोटापर्यंत चीर गेली. दुसऱ्या खेपेला पाट खालून पोकळ ठेवला, सोंड मोकळी न सोडता छातीला टेकवली आणि हातांना तारेऐवजी खराट्याच्या हिराचा आधार दिला. वाळलेल्या भागाला ओला भाग नुसता चिकटवला तर तो गळून पडतो. दोन्ही बाजू काडीने खरवडून मध्ये पातळ चिखलाचा लेप द्यावा लागतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हे एकदा पाहिले आणि उंदराचे कान तिने एकटीने बसवले. श्रावणातल्या दमट हवेत मूर्ती सावलीत वाळायला पूर्ण १० दिवस लागले, म्हणून चतुर्थीच्या किमान तीन आठवडे आधी काम सुरू करावे.

रंगासाठी आम्ही गेरू, हळद आणि खडूची पूड एवढेच वापरले. चकाकी नव्हती, पण सासूबाई म्हणाल्या की गणेश चतुर्थीचे व्रत मुळात पार्थिव मूर्तीचे आहे आणि पार्थिव म्हणजे मातीचीच. तिला तिचा रंग शोभतो. मलाही ती मूर्ती आजवर घरी आलेल्या कोणत्याही मूर्तीपेक्षा अधिक आपली वाटली.

विसर्जन पाचव्या दिवशी घरीच बादलीत केले. पूर्वी आमच्याकडे प्लास्टरची मूर्ती यायची, तेव्हा तिच्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट आणून पाणी काही दिवस ढवळत राहावे लागे. शाडूला नुसते पाणी पुरले. रात्रीतून मूर्ती खाली बसली, फक्त पाटाच्या कडा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकल्या. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, ती मुद्दाम सांगते. मुलाने उरलेला ओला गोळाही त्याच बादलीत टाकला होता आणि तो दोन दिवसांनंतरही गोळाच राहिला. शाडू पूर्ण कोरडा असेल तर पाणी झपाट्याने आत शिरते आणि माती कोसळते; ओलसर मातीत ते शिरत नाही. त्यामुळे मूर्ती विरघळत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी ती आतून वाळली होती का, हे पाहावे.

माझी खरी तक्रार पिशवीतल्या माहितीपत्रकाबद्दल आहे. विसर्जनानंतरचे पाणी आणि माती 'थेट कुंडीत ओता, उत्तम खत होते' असे त्यात छापले होते. शाडूचे कण अतिशय बारीक असतात, म्हणून तर तो मूर्तीसाठी इतका सुबक वागतो. पण त्याच कारणाने कुंडीत तो वरच्या थरावर बसून फरशीसारखा घट्ट होतो आणि मुळांची हवा कोंडतो. शिवाय तो खत तर मुळीच नव्हे. दसऱ्याच्या तोरणासाठी आम्ही ६ कुंड्यांत झेंडू लावला होता. त्यातल्या ४ कुंड्यांत मी विश्वासाने तो गाळ ओतला. आठवड्याभरात पाणी वर तुंबू लागले, पाने पिवळी पडली आणि कळ्या आल्याच नाहीत. न ओतलेल्या २ कुंड्यांना मात्र २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, भरघोस फुले होती. तोरण पुरे करायला उरलेली फुले बाजारातून आणावी लागली. ज्या फुलांची मुलांनी जुलैपासून वाट पाहिली होती, ती माझ्या हातून गेली याचे मला फार वाईट वाटले.

खुरप्याने तो थर काढून टाकल्यावर दोन झाडे सावरली. त्यानंतर मी १ भाग शाडू, ३ भाग बागेची माती, २ भाग पालापाचोळ्याचे खत आणि १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करून पाहिले. त्यात मोगरा आणि जास्वंद व्यवस्थित आहेत, किंबहुना मार्चच्या उन्हात या कुंड्यांना पाणी कमी लागते. तुळशीच्या कुंडीत मात्र शाडू अजिबात घालणार नाही.

घटस्थापनेच्या वेळी सासूबाईंनी शेतातलीच काळी माती मागितली आणि त्यांचे बरोबर होते. मी शेजारी एका ताटलीत अर्धा शाडू मिसळून गहू पेरून पाहिले. अंकुरांनी वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलला आणि मुळे उघडी पडली. गेल्या वर्षी नवरात्र एक दिवस वाढले होते, त्यामुळे घटावरचे धान वीतभर आले. ताटलीतले बोटभरच राहिले.

किल्ल्याला मात्र या मातीने जीव आणला. आम्ही राजगड केला, कारण बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या अशी त्याची ठेवण मुलांना सहज समजते. विटांवर गोणपाट टाकून त्यावर शाडूचा चिखल थापला तर दुसऱ्या दिवशी तो भेगाळतो. निम्मी लाल माती आणि भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदा मिसळल्यावर तो टिकला. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, सुवेळा माचीचे नेढे (खडकातले आरपार भोक) आणि बोटभर उंचीचे मावळे निव्वळ शाडूचे केले. इतके बारीक काम दुसऱ्या कोणत्याही मातीत झाले नसते. अळीव मात्र तटबंदीपासून दूर, ओल्या गोणपाटावर पेरावेत. पणत्यांचा प्रयोग फसला, कारण न भाजलेला शाडू तेल पिऊन टाकतो.

सर्वात समाधानकारक उपयोग जानेवारीत सापडला. वॉटर लिलीला जड, चिकट मातीच हवी असते. हलके मिश्रण पाण्यात तरंगते. मूर्तीची वाळवून चाळलेली माती, तिच्यात मुरलेले शेणखत आणि वर बारीक खडीचा थर असे टबाच्या तळाशी भरून मैत्रिणीने दिलेला कंद लावला. दहा दिवस पाणी गढूळ होते, मग निवळले. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडले आहेत. पाडव्याच्या आठवड्यात पहिली कळी पाण्याबाहेर आली आणि मुलीने तिच्यासमोर छोटी रांगोळी काढली.

साठवणीबद्दल थोडेसे. मळलेली माती प्लास्टिकमध्ये ठेवली तर तीन आठवड्यांत तिला वास येतो, म्हणून ती गच्चीवर जुन्या कापडावर कडकडीत वाळवून, फोडून, चाळून डब्यात भरावी. विसर्जनाचा गाळ न्हाणीघराच्या नालीत चुकूनही ओतू नये. सध्या डब्यात साधारण ३ किलो माती शिल्लक आहे. यंदा नवी एकच पिशवी पुरेल आणि जुन्या मूर्तीच्या मातीतला एक भाग नव्या गणपतीच्या पाटात मळायचा, हे मुलांनी आताच ठरवून ठेवले आहे.