'पुअर' या एका शब्दासाठी घेतलेला शब्दकोश
लेकीच्या प्रगतिपुस्तकात अक्षरापुढे 'पुअर' लिहून आलं आणि तिचे बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. "आपण गरीब आहो, हे शाळेनं लिहून द्यावं का?" मी नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करते, मलाही तेवढाच अर्थ ठाऊक होता. शनिवारी सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून 120 रुपयांना हा इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला.

या एका नोंदीतच पैसे वसूल झाले. पहिला अर्थ गरीब. मग निकृष्ट, कच्चा: 'पुअर हँडरायटिंग' म्हणजे वाईट अक्षर, ऐपतीशी काही संबंध नाही. 'पुअर सॉइल' म्हणजे हलकी जमीन. आणि 'पुअर चाइल्ड' म्हणजे बिचारं लेकरू, मग ते बंगल्यातलं का असेना! 'द पुअर' म्हटलं की सगळे गरीब लोक, म्हणून पुढं 'इज' नाही, 'आर' येतं. प्रत्येक अर्थाला वाक्य दिलंय, म्हणून डोक्यात बसतं.

टाइप फार बारीक आहे, रात्री मशीनच्या दिव्याखाली धरावं लागतं. उच्चारही दिलेले नाहीत. इंग्लंडात 'पुअरली' म्हणजे आजारी असंही म्हणतात, ते यात नाही. शिकवणीच्या बाईंनी सांगितलं. तरी इंग्रजी शाळेत लेकरू असेल त्या घरात असा कोश हवाच.

लेकीनं ओळीवर बोट ठेवून बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तो बिचाऱ्याचा अर्थ पुन्हा वाच बेटा."