'फेमस' आणि 'रिनाउंड': नेमका फरक

इंग्रजीतील 'फेमस' आणि 'रिनाउंड' या दोन्ही विशेषणांसाठी आपण सरसकट 'प्रसिद्ध' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच अर्थाची एक महत्त्वाची छटा निसटते. 'फेमस'च्या मुळाशी लॅटिनमधील 'फामा', म्हणजे लोकांतील बोलवा, आहे. त्यामुळे ज्याला पुष्कळ लोक ओळखतात तो 'फेमस', मग ती ओळख गाण्याने मिळालेली असो वा नाक्यावरच्या वडापावाने.

'रिनाउंड' मात्र जुन्या फ्रेंचमधून आला असून 'पुन्हा पुन्हा नाव घेणे' ही त्यामागची मूळ कल्पना आहे. त्यातील लॅटिन 'नोमेन' आणि आपले 'नाम' एकाच कुळातले असल्याने 'नामवंत' किंवा 'नावाजलेला' हे प्रतिशब्द मला सर्वांत अचूक वाटतात. २००८ साली भारतरत्न जाहीर झालेल्या पंडित भीमसेन जोशींना 'फेमस' म्हणणे चूक नाही, परंतु त्यांच्या साधनेविषयीचा आदर त्या शब्दात उमटत नाही. तिथे 'रिनाउंड'च हवा.

लिहिताना शेवटचा 'ड' गाळू नये, कारण उरणारा 'रिनाउन' हा शब्द नाम आहे, विशेषण नव्हे.