कळमन्यातल्या पट्ट्या आणि पायथनचं पहिलं पुस्तक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या एका आडत दुकानात हिशोब बघतो. वय ४६, शिक्षण बीकॉम, आणि गेल्या वर्षापर्यंत कॉम्प्युटरशी संबंध टॅली आणि एक्सेलपुरता. आंबिया बहाराचा माल जोरात आला की रोज साठ-सत्तर शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढाव्या लागतात. ज्यांना पट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वजन, दर, एकूण रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी उचल घेतली असेल तर ती वजा, आणि खाली शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. हे सगळं एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये मी हातानं उतरवत होतो. रोज अडीच तास त्यातच जात. प्रोग्रॅमिंग शिकायचं ठरवलं ते या एका कामासाठी.

पहिला महिना मात्र चुकीची पुस्तकं घेण्यात गेला. तो भाग आधी लिहितो, कारण मला ओळखीचे लोक सारखं हेच विचारतात की कोणतं पुस्तक घेऊ.

बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात सी या प्रोग्रॅमिंग भाषेचं एक जाडजूड पुस्तक स्वस्तात मिळालं. पहिल्याच प्रोग्रॅममध्ये 'कोनिओ' नावाची फाइल जोडायची होती आणि पडदा पुसायची आज्ञा द्यायची होती. जसंच्या तसं उतरवलं, तरी लॅपटॉपवर चुकाच चुका. आठ दिवस मी स्वतःला दोष देत बसलो. मग कळलं की ते सगळं टर्बो सीसाठी लिहिलेलं होतं. टर्बो सी म्हणजे सीचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर, बोरलँड कंपनीनं ते १९८७ मध्ये आणलं, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात. 'कोनिओ' हा सी भाषेच्या ठरलेल्या नियमांचा (स्टँडर्डचा) भागच नाही, त्यामुळे आजच्या बऱ्याच कंपायलरांना (लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरना) ती पडदा पुसायची आज्ञा ओळखूच येत नाही. पुस्तक खोटं नव्हतं, पण ते ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते मागे पडलं होतं.

दुसरं पुस्तक पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचं, तेही जुनंच. त्यात 'प्रिंट' (पडद्यावर मजकूर दाखवायची आज्ञा) लिहिल्यावर पुढे कंस नव्हता. ही खूण प्रत्येकानं लक्षात ठेवावी. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हापासून प्रिंटला कंस लागतो. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपला. दुकानात उभ्या उभ्या पहिली दहा पानं उघडा. प्रिंटपुढे कंस नसेल तर ते पुस्तक शंभर रुपयांत मिळालं तरी ठेवून द्या.

तिसरं एक मराठी पुस्तक घेतलं. मोठ्या आशेनं घेतलं होतं, म्हणून वाईटही जास्त वाटलं. व्हेरिएबलला 'चल', फंक्शनला 'फलन', लूपला 'आवर्तन'. वाचताना अर्थ लागत होता, पण पडद्यावर चूक आली की ती इंग्रजीत येई, आणि त्या संदेशातला कोणता शब्द पुस्तकातल्या कोणत्या शब्दाला लागू पडतो ते जुळवता येत नसे. समजावणं मराठीत आणि शब्द जे पडद्यावर दिसतात तेच, असं पुस्तक कोणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

नागपुरात सीचा विषय निघाला की 'लेट अस सी'चं नाव येतंच. लेखक यशवंत कानेटकर आपल्या नागपूरचे, आणि देशभरातली इंजिनीअरिंगची पोरं ते पुस्तक वाचून शिकली, याचा मलाही अभिमान आहे. मी तेच घ्यायच्या बेतात होतो. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इंजिनीअरिंगला असलेला भाचा मारबतीची मिरवणूक बघून घरी आला आणि टेबलावरची पुस्तकं पाहून म्हणाला, "मामाजी, तुम्हाला एक्सेलचं काम करायचं आहे नं? मग सी काऊन शिकून राहिले? ज्या पुस्तकात तुमचं काम आहे, तेच पुस्तक घ्या नं."

या एका वाक्यानं माझी निवडीची पद्धत बदलली. तोवर मी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचून ठरवत होतो. पहिलं प्रकरण सगळ्याच पुस्तकांचं सोपं असतं. आता मी अनुक्रमणिकेत एक्सेल शोधू लागलो आणि सरळ ते पान उघडू लागलो. असं करताना अ‍ॅल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' सापडलं. प्रकाशक नो स्टार्च प्रेस. पहिली आवृत्ती २०१५ ची, दुसरी २०१९ ची, तिसरी २०२५ ची. मी वापरली ती दुसरी, वीस प्रकरणांची, त्यामुळे पुढे प्रकरणांचे जे आकडे येतील ते त्या आवृत्तीचे. लेखकानं हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं आहे. विकत घेण्याआधी पूर्ण वाचून बघता येतं, ही आमच्यासारख्या नवख्या माणसासाठी फार मोठी सोय आहे. मी चार प्रकरणं मोबाइलवर वाचली आणि मगच छापील प्रत मागवली.

तेरावं प्रकरण एक्सेलचं. त्यात भाजीपाला विक्रीची एक शीट आहे, हजारो ओळींची, आणि लसूण, सेलरी व लिंबू या तीन मालांचे दर चुकीचे पडले आहेत, ते प्रोग्रॅमनं दुरुस्त करायचे आहेत. दर डॉलरचे, वजन पौंडात, पण मला त्यात आमचा बाजारच दिसला. दर चुकीचा पडला म्हणून साठ ओळी हातानं बदलण्याचं काम मी कितीदा केलं आहे. त्या पानावर पुस्तक ठरलं.

पुस्तकाचं इंग्रजी सोपं आहे. वाक्यं लहान, आणि एकदा वापरलेला शब्द पुढेही तोच. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, तरी डिक्शनरी फार वेळा उघडावी लागली नाही. रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास, आणि एक नियम: पुस्तकातली प्रत्येक ओळ हातानं टाइप करायची, कॉपी करायची नाही. सुरुवातीला स्पेसच्या जागी टॅब पडायचा आणि पायथन अडून बसायचं. पण त्यातूनच ओळी आत का सरकवायच्या ते अंगवळणी पडलं.

पहिल्या प्रकरणात तुमचं नाव विचारून त्यात अक्षरं किती ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम आहे. मी नावाऐवजी गावं टाकली, तीही देवनागरीत. 'काटोल' लिहिलं तर उत्तर ५. 'वरुड'चे ४. 'मोर्शी' डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर म्हणतो ६. मला वाटलं मी काहीतरी चुकवलं. भाच्यानं वहीवर मांडून दाखवलं: म, ओकाराची मात्रा, र, हलन्त, श, दीर्घ वेलांटी. प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. इंग्रजी नाव टाकणाऱ्याला हा प्रश्न कधी पडणारच नाही. पुढे याचा खरा त्रास झाला. पुस्तकात रकाने सरळ दिसावेत म्हणून शब्दापुढे रिकाम्या जागा भरायची युक्ती आहे, ती याच मोजणीवर चालते, म्हणून माझ्या यादीत मोर्शीचे रकाने डावीकडे सरकायचे. त्यावर उपाय म्हणून मी पडद्यावर छापणं सोडलं आणि सगळं एक्सेलच्या खान्यांतच लिहू लागलो.

एक सुखद गोष्टही कळली. आमचे जुने दिवाणजी वजन देवनागरी आकड्यांत लिहितात. मला वाटलं होतं, ते सगळं आधी बदलावं लागेल. पायथनला '१८४०' हा मजकूर देऊन त्याचा अंक कर म्हटलं, तर ते सरळ करतं. त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून ते दाखवलं.

देवनागरी मजकुराची फाइल वाचताना विंडोजवर गडबड होते, तेव्हा फाइल उघडतानाच एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट लिहा. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हे लागेल.

सातवं प्रकरण, पॅटर्न शोधण्याचं, मला जड गेलं. त्यातले फोन नंबर अमेरिकन पद्धतीचे, तीन-तीन-चार अशा गटांतले. मी ते सोडून पुढे गेलो आणि दोन महिन्यांनी परत आलो, तेव्हा आमच्या शेतकऱ्यांचे दहा आकडी मोबाइल नंबर घेऊन सराव केला. मग समजलं. नवव्या प्रकरणात अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्यांची प्रश्नपत्रिका आहे, तिथे मी विदर्भातले जिल्हे आणि त्यांची मुख्य पिकं घातली. परदेशी उदाहरण दिसलं की थांबू नका, आपल्या गावचा माल त्यात भरा. मला तरी उदाहरण बदललेली प्रकरणंच पक्की आठवतात.

दिवाळीनंतर पहिल्यांदा खऱ्या पट्ट्या प्रोग्रॅमनं काढल्या. शीटमध्ये ६८ ओळी, वरची शीर्षकाची, खाली ६७ शेतकरी. मी लूप (तेच काम एकेका ओळीवर पुन्हा पुन्हा करायची आज्ञा) २ पासून ६८ पर्यंत लावला. पायथनमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही. तो ६७ व्या ओळीवर थांबला. पुस्तकात हे पहिल्या पन्नास-साठ पानांतच सांगितलं आहे, मी वाचलंही होतं. पण पट्ट्या निघाल्या ६६ आणि मी मोजल्या नाहीत. नरखेडचे एक शेतकरी तासभर काउंटरसमोर उभे होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, सगळ्यायच्या पट्ट्या निघाल्या, माही काऊन नाही निघाली?" त्यांची गाडी खोळंबली होती. मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून प्रोग्रॅमच्या शेवटी दोन ओळी पक्क्या आहेत: शीटमधले शेतकरी किती आणि निघालेल्या पट्ट्या किती. दोन्ही जुळले नाहीत तर काहीच छापलं जात नाही. शिवाय पहिला महिनाभर मी हातानं काढलेला हिशोब बाजूला ठेवूनच काम केलं, आणि तुम्हीही तसंच करा. दुसऱ्याच्या घामाचा पैसा आहे.

हाताचा हिशोब बाजूला होता म्हणूनच एक बारीक फरकही सापडला. एका पट्टीत एक रुपया कमी येत होता. रक्कम होती १,८४२ रुपये ५० पैसे. एक्सेल ते १,८४३ करतं, आम्हीही तेच करतो. पायथनचं साधं 'राउंड' मात्र बरोबर अर्धा असेल तर जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणजे १,८४२. ही चूक नाही, त्याचा नियमच तसा आहे. पण शेतकऱ्याला नियम सांगत बसायचं नसतं. मी पायथनसोबतच येणारं 'डेसिमल' मॉड्यूल (तयार कोडचा संच) घेतलं, त्यात अर्धा रुपया वर न्यायचा हे आपल्याला सांगता येतं. पैशाचा हिशोब करणार असाल तर पहिल्या दिवसापासून तेच वापरा.

एक्सेलबद्दल अजून तीन गोष्टी, ज्यांनी माझे तीन रविवार खाल्ले. ज्या खान्यात सूत्र आहे तो ओपनपायएक्सेलनं (एक्सेलच्या फाइली वाचण्या-लिहिण्याचा पायथनचा तयार कोड) वाचला तर आकडा मिळत नाही, सूत्रच मिळतं. आकडा हवा तर फाइल उघडताना 'डेटा ओन्ली' खरं आहे असं सांगावं लागतं. जुन्या एक्सएलएस फाइली ते उघडत नाही, एक्सेलमधून एकदा नव्या प्रकारात सेव्ह करा. आणि फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल तर विंडोज त्यावर लिहू देत नाही. चूक झाल्याचा संदेश परवानगीबद्दल येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

आता वेळेचं. अडीच तासांचं काम तपासणीसकट पंचवीस मिनिटांत होतं. शेठजींनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही, ते योग्यच होतं. मृग बहाराच्या मालाला फेब्रुवारीत सुरुवात झाली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की या वेळी पट्ट्या तुझ्या प्रोग्रॅमनंच काढ.

ज्यांना कॉलेजची परीक्षा द्यायची आहे, किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी तयारी करायची आहे, त्यांचं काम या पुस्तकानं भागणार नाही. त्यांना सी किंवा जावा, आणि डेटा स्ट्रक्चर वेगळं शिकावं लागेल. इंटरनेटवरच्या पानांतून माहिती काढण्याचं बारावं प्रकरण मी वाचलं, पण वेबसाइटची रचना बदलली की तो कोड पुन्हा जुळवावा लागतो, म्हणून मला त्याचा रोजचा उपयोग झाला नाही. पण ज्यांच्यासमोर रोज तीच तीच शीट येते, दुकानातले, सोसायटीचे, शाळेच्या ऑफिसातले लोक, त्यांना मी हेच पुस्तक सांगेन.

सध्या मी पंधराव्या प्रकरणावर आहे, वर्ड आणि पीडीएफच्या. शेतकरी ईमेल बघत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप बघतात, म्हणून प्रत्येकाची पट्टी पीडीएफ करून पाठवायची आहे. दुसऱ्या एका लायब्ररीनं थेट पीडीएफ बनवून पाहिली तर जोडाक्षरं फुटतात आणि 'मोर्शी'चा रफार भलत्याच जागी जातो. आता पायथननं वर्डची फाइल भरतो आणि वर्डमधूनच पीडीएफ काढतो, मग नाव नीट उमटतं. कालच्या तीस पट्ट्या तशाच गेल्या. एका शेतकऱ्यानं उत्तरात फक्त आपल्या पट्टीचा फोटो परत पाठवला, नावाभोवती लाल गोल करून. आडनावात वेलांटी चुकली होती. ती मी शीटमध्ये दुरुस्त केली आहे.