बजेटमध्ये घरी जोडलेला गेमिंग पीसी: बरेच महिने वापरून झाल्यावर कोणता पार्ट पैसे वसूल करतोय

पीसी आता बरेच महिने रोज चालतोय, दिवसा काम आणि रात्री गेम, त्यामुळे कुठल्या पार्टवर घातलेले पैसे रोज जाणवतात आणि कुठले नाही हे आता नीट सांगता येईल. पार्ट असे आहेत: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड, रेडिऑन आरएक्स ६६०० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, आठ-आठच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा ब्रॉन्झवाला पॉवर सप्लाय, समोर जाळी असलेलं कॅबिनेट आणि १०८० पी १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आयपीएस मॉनिटर.

सगळ्यात आधी मॉनिटरबद्दल बोलतो, कारण बहुतेक लोक तो सगळ्यात शेवटी घेतात, उरलेल्या पैशात जो बसेल तो. मी उलट केलं, आधी मॉनिटर ठरवला आणि मग बाकीचं सगळं त्याच्यामागे आलं, आणि हाच या सगळ्या बिल्डमधला सगळ्यात बरोबर निर्णय होता असं माझं ठाम मत आहे. कारण सरळ आहे, १०८० पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल आणि १४४० पी म्हणजे ३६.९ लाख, म्हणजे कार्डवर जवळजवळ पावणेदोन पट काम. एकदा १०८० पी ठरलं की कार्ड किती मोठं लागणार, त्याला सप्लाय केवढा लागणार, कॅबिनेटमध्ये हवा किती खेळती लागणार, हे सगळं आपोआप खाली येतं आणि बजेट हातात राहतं. आणि ६० वरून १४४ हर्ट्झवर गेल्याचा फरक गेममध्येच दिसतो असं नाही, साधं पेज स्क्रोल करतानाही दिसतो, ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ ला ६.९. फक्त एक लक्षात ठेवा, विंडोज बऱ्याचदा नवा मॉनिटर ६० वरच चालवतो, डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं, आणि केबल बोर्डाच्या पोर्टला न लावता ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावायची. हे ऐकायला फार बेसिक वाटतं पण वर्षभर ६० वर गेम खेळणारी माणसं मी बघितलीयेत.

आता कार्ड. आरएक्स ६६०० हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं कार्ड, १३२ वॅट घेतं, एकच ८ पिनची केबल लागते. ऑनलाइन स्पर्धेचे जे हलके गेम असतात त्यात १४४ एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम निघतात त्याच्या) वर आरामात जातं, नवे मोठे जड गेम हाय सेटिंगला साठच्या आसपास, कधी थोडे खाली. रे ट्रेसिंगचा (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या सेटिंगचा) विचार या कार्डवर करूच नका, ती याची ताकद नाही. खरी मर्यादा जाणवते ती ८ जीबी मेमरीची. नव्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती, जमीन, कपडे यांच्यावरचे बारकावे) एकदम वरच्या सेटिंगला ठेवलं की मेमरी भरते, आणि मग सरासरी एफपीएस चांगला दिसतो पण मधेच चालताना गचका बसतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की गचके जातात आणि खरं सांगतो, १०८० पी वर डोळ्याला फारसं काही कळत नाही. म्हणूनच रिव्ह्यू बघताना नुसता सरासरीचा आकडा बघू नका, १ टक्का लो म्हणून जो आकडा देतात (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा एफपीएस) तो बघा, खेळताना जो वैताग येतो तो त्या आकड्यात असतो.

आज कोणी नव्याने घेत असेल तर १२ जीबीचं काही बजेटमध्ये बसतंय का ते आधी बघावं, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल किंवा इंटेलचं आर्क बी५८०. फक्त आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सेटिंग) चालू असणं फार गरजेचं आहे, जुन्या बोर्डवर तो पर्याय नसेल तर ते कार्ड बरंच मागे पडतं. आणि आरएक्स ६५०० एक्सटी पासून लांबच राहा, त्यात ४ जीबी मेमरी, पीसीआयई च्या (बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या) फक्त ४ लेन, जुन्या पीसीआयई ३.० बोर्डवर टाकलं तर अजून मार खातं, आणि गेम रेकॉर्ड करायला हार्डवेअर एन्कोडरच (व्हिडिओ बनवून देणारा कार्डातला भाग) नाही. नावात ६५०० आणि ६६०० शेजारी-शेजारी दिसतात म्हणून फरक थोडासाच असेल असं वाटतं, तसं अजिबात नाही.

सेकंड हँडचा विचार करणाऱ्यांसाठी, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झाल्यावर मायनिंगची भरपूर कार्डं बाजारात आली, त्यातली काही अजून फिरतात. समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का ते बघा.

प्रोसेसरमध्ये मात्र मी मुद्दाम हात आखडता घेतला. ५६०० ला ६ कोर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे आणि या कार्डाला तो पुरून उरतो. नावं इतकी सारखी आहेत की लोक ५५०० किंवा ५६००जी उचलतात, पण त्या दोघांत कॅशे निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई पण ३.० च. ५६००जी चा फायदा एकच, त्यात ग्राफिक्स आत आहे, म्हणजे कार्ड नंतर घ्यायचं असेल तर पीसी तोवर चालतो. ५६०० मध्ये ते नाही, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही, हे माहिती नसेल तर पहिल्याच दिवशी बोर्ड खराब निघाला असं वाटू शकतं.

रॅमबद्दल एवढंच सांगतो की १६ ची एक स्टिक घेऊ नका, ८ च्या दोन घ्या. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन मिळून ५१.२. बोर्डवर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या लिहिलेल्या वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२०० चे पैसे देऊन रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कोणी सांगतही नाही. एसएसडी टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणारी) बघून घेतली, डीरॅम (स्वतःची वेगळी मेमरी चिप) नसलेली, गेमसाठी काही फरक पडला नाही. १ टीबी म्हणजे विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतात आणि आजकाल एकेक गेम १०० जीबीच्या वर जातो, त्यामुळे ५०० जीबीची घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता पॉवर सप्लाय, ज्याच्यावर कोणी दोन मिनिटं घालवत नाही. हिशोब केला तर कार्ड १३२, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बाकी सगळं मिळून पन्नासेक, म्हणजे अडीचशेच्या वर थोडंसं. मग ५५० का घेतला असं बऱ्याच जणांनी विचारलं. एक तर कार्ड क्षणभरासाठी लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त खेचतं, दुसरं उद्या १७०-२०० वॅटचं कार्ड आलं तर सप्लाय बदलावा लागू नये, आणि तिसरं, जे वापरल्यावरच कळतं, अर्ध्या लोडवर चालणारा सप्लाय गप्प असतो, माझ्या सप्लायचा पंखा गेम चालू असतानाही ऐकू येत नाही. ब्रॉन्झ, गोल्ड हा बिल्ला बघून क्वालिटी ठरवू नका, तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, ब्रॉन्झ म्हणजे अर्ध्या लोडवर ८५ टक्के. बघायचं ते बाजूच्या स्टिकरवर, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत. ५५० वॅटच्या चांगल्या सप्लायवर तिथे ४५ च्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर. बाहेर मोठ्या अक्षरात ५५० आणि आत तिथे २५-३० अँपिअर असेल तर तो डबा परत ठेवा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच १२ व्होल्टवर जगतात. आणि मॉड्युलर सप्लाय असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला कधीच लावू नका, सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, प्लग बसतो आणि ड्राइव्ह जळतात.

आवाज आणि उष्णता, यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं, कारण एफपीएसची सवय होते पण आवाजाची होत नाही. सुरुवातीला प्रोसेसरचा पंखा काही कारण नसताना चढायचा-उतरायचा, ब्राउझर उघडला की घूं, बंद केला की शांत. या पिढीच्या रायझनचं तापमान क्षणात दहा-पंधरा डिग्री वर जाऊन खाली येतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये जाऊन ६५ डिग्रीपर्यंत पंखा एकाच हळू वेगावर ठेवला आणि वेग बदलायला काही सेकंदांची सवड दिली, बस, तेवढ्यात तो त्रास कायमचा संपला, नवा कूलर घ्यायची गरज पडली नाही.

दुसरं, एका गेमच्या मेन्यू स्क्रीनवर गेलं की कार्डातून बारीक किर्रर्र आवाज यायचा. याला कॉइल व्हाइन म्हणतात, बऱ्याच कार्डांत कमी-जास्त असतं. मेन्यूत दाखवायला काही नसतं म्हणून कार्ड सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम काढत बसतं. ड्रायव्हरमध्ये १४१ ची मर्यादा घातली आणि आवाज गेला, शिवाय फ्रीसिंकच्या (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणाऱ्या सोयीच्या) रेंजच्या आत राहिल्यामुळे चित्र फाटणंही थांबलं. त्यानंतर कार्डाचं व्होल्टेज आणि क्लॉक (चिप चालण्याचा वेग) थोडं-थोडं खाली आणलं, प्रत्येक वेळी थोडंसं कमी करायचं, एखादा जड गेम तासभर खेळायचा, क्रॅश नाही झाला तर अजून थोडं. आता सॉफ्टवेअरमध्ये जिथे १०० वॅट दिसायचे तिथे ८०-८५ दिसतात, एफपीएस मधला फरक हाताला कळतच नाही, पंखा मात्र स्पष्ट हळू झालाय.

कॅबिनेटसोबत आलेला मागचा पंखा काही महिन्यांतच टकटक करायला लागला, तो बदलून चांगला १२० मिमीचा टाकला. जाळीच्या कॅबिनेटला धूळ जास्त लागते हे खरं, दर थोड्या आठवड्यांनी समोरची जाळी काढून धुवावी लागते, पण काचेच्या बंद कॅबिनेटपेक्षा मी हेच परत घेईन. लाइटचे पंखे घेतले नाहीत आणि एकदाही घ्यायला हवे होते असं वाटलं नाही, त्या पैशातच तर सप्लाय एक पायरी वरचा आला.

बोर्ड बी५५० घेतला तो पुढचा विचार करून. पीसीआयई ३.० वाल्या जुन्या बी४५० वरही हे सगळं चाललं असतं, पण आरएक्स ६६०० फक्त ८ लेन वापरतं, त्यामुळे पीसीआयई ४.० असलेलं बरं, आणि आणखी एका एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉटही मिळाला. एएम४ सॉकेट (बोर्डावरची या प्रोसेसरची जागा) आता शेवटाला आलंय, एएम५ वर गेलं तर डीडीआर५ रॅमच लागते, म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही एकदम. त्यामुळे सध्या तरी माझा बेत असा आहे की पुढचे पैसे कार्डावर घालायचे, १२ किंवा १६ जीबीचं, आणि प्रोसेसर कमी पडतोय असं वाटलंच तर याच सॉकेटमध्ये बसणारा ९६ एमबी कॅशेवाला ५७००एक्स३डी कुठे रास्त मिळाला तर तो, त्याच्यासोबत कूलर येत नाही एवढं लक्षात ठेवून. बोर्डाचा बायोस त्यासाठी आधीच अपडेट करून ठेवलाय, मॉनिटर आणि सप्लायला हात लावायची गरज नाही.