गृहकर्ज: वितरणाआधी रद्द करावे की वितरणानंतर फेडावे?

पाथर्डी फाट्यावर किंवा गंगापूर रोडला फ्लॅट घेणाऱ्या नाशिककराचे कर्जकरारावर सही केल्यानंतर मन बदलले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: बँकेने रक्कम देण्याआधी, म्हणजे वितरणाआधी, कर्ज रद्द करणे किंवा वितरणानंतर ते फेडणे. शाखेत जाऊन घेतलेले गृहकर्ज ठरावीक दिवसांत विनाअट रद्द करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे नाही. अमेरिकेत काही गृहकर्जांना तीन दिवसांची अशी मुभा आहे, पण घरखरेदीच्या कर्जाला तिथेही ती मिळत नाही.

रक्कम वितरित झालेली नसेल, तर लेखी अर्ज देऊन कर्ज रद्द करणे निश्चितच स्वस्त पडते, कारण मुद्दल आणि व्याज दोन्हींचा प्रश्न येत नाही. प्रक्रिया शुल्क मात्र बहुधा परत मिळत नाही. इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: कर्ज रद्द झाले म्हणून बिल्डरशी केलेला नोंदणीकृत करार रद्द होत नाही, त्याचे हप्ते देणे लागतेच, त्यामुळे पैशांची दुसरी सोय झाल्याशिवाय अर्ज देऊ नये.

वितरणानंतर कर्ज रद्द होत नाही, ते फेडावे लागते किंवा दुसऱ्या बँकेकडे न्यावे लागते, आणि तोवरचे व्याज भरावे लागते. घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही. स्थिर दराच्या कर्जावर तो असू शकतो. पूर्ण फेडीनंतर मूळ कागदपत्रे 30 दिवसांत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. कर्जाबद्दलची तक्रार केवळ व्याजदराची असेल, तर मला वितरणानंतर ते फेडण्याचा किंवा दुसऱ्या बँकेकडे नेण्याचा हाच मार्ग योग्य वाटतो.