शॉपिंग ॲप दुरुस्त करायचं की नवीनच बनवायचं? आणि आधी दाखवायचं कोणाला, एक्स्पर्टला की गिऱ्हाईकाला?

दुकानाचं स्वतःचं ॲप आहे, लोक डाऊनलोड करतात, कार्टमध्ये वस्तूपण टाकतात, ऑर्डर मात्र येत नाही आणि मग फोन येतो, "ते ॲप राहू दे हो, व्हॉट्सॲपवर लिस्ट पाठवते, चालेल ना?" गोव्यात काजू, कोकम, मसाले, पूजेचं सामान असं ऑनलाइन विकणाऱ्या बऱ्याच लहान दुकानदारांचं हेच चाललंय. डेव्हलपरला विचारलं की तो म्हणणार सगळं नव्याने करूया, त्याचं कोटेशन बघितलं की आपण दोन महिने गप्प.

यात खरंतर दोन वेगळे निर्णय आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. पहिला, ॲपचं दुखणं कुठे आहे ते शोधायचं कसं. दुसरा, ते सापडल्यावर डागडुजी करायची की पूर्ण रिडिझाइन. पहिल्याचं उत्तर हातात नसताना दुसऱ्यासाठी पैसे मोजू नका, आणि लहान दुकानाच्या बाबतीत बहुतेक वेळा डागडुजीवर भागतं, असं माझं मत आहे. आता का ते बघू.

शोधायचा एक रस्ता म्हणजे एक्स्पर्टकडून तपासणी, याला ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन म्हणतात. ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली, आज सगळे वापरतात ते नील्सनचे १० नियम १९९४ चे. ॲपमध्ये आत्ता काय चाललंय ते माणसाला दिसतं का, चुकल्यास मागे जाता येतं का, एरर मेसेज कळेल अशा भाषेत आहे का, वगैरे. तपासणारे वेगवेगळे बसतात, आपापली यादी करतात, मग याद्या एकत्र करून कुठली चूक किती गंभीर ते ठरवतात. वेगवेगळे बसण्याला कारण आहे. नील्सनच्याच आकड्यांप्रमाणे एकटा माणूस सरासरी ३५ टक्केच अडचणी पकडतो, म्हणून ३ ते ५ जण घ्या असं तो सांगतो. त्यामुळे कोणी एकटाच चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट आणून देत असेल तर त्या चाळीस पानांवर फार जाऊ नका.

याचा फायदा म्हणजे काम लवकर होतं, गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही आणि ढोबळ चुका पटापट बाहेर येतात. बटण बोटाच्या मानाने लहान आहे (अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आयफोनवर ४४ पॉइंट असावं असं गूगल आणि ॲपल स्वतःच सांगतात), पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं आहेत (नेहमीच्या मजकुराला ४.५ ला १ एवढा तरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक हवा), डिलिव्हरी चार्ज शेवटच्या स्क्रीनवर उगवतो, अशा गोष्टी जाणकार माणूस पहिल्याच दिवशी सांगेल. त्यासाठी वीस गिऱ्हाइकांना त्रास देण्यात अर्थ नाही.

पण एक्स्पर्टला जे माहीतच नाही ते त्याला दिसणार कसं? इथेच दुसरा रस्ता लागतो, गिऱ्हाईकाच्या हातात फोन देऊन शेजारी गप्प बसायचं. बंगळुरूच्या ऑफिसात बसून फॉर्म तपासणाऱ्याला पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर, बिल्डिंग, रस्ता. आपल्याकडे पत्ता म्हणजे घर नंबर, वाडा, आणि देवळाच्या नाहीतर कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) मागे. वाळपईकडच्या एका मावशींना मी असंच एका ॲपवर कोकम आणि काजू मागवायला सांगितलं. वस्तू त्यांनी झटक्यात निवडल्या. पत्त्यावर आल्या, घर नंबरात ११७/२ टाकलं, आणि लाल अक्षरात इंग्रजीत आलं की पत्ता चुकीचा आहे. त्या तिरक्या रेघेवर फॉर्मचा आक्षेप, आणि ते कुठेच सांगितलेलं नाही. त्यांनी तीच रेघ परत टाकली, मग पिनकोड बदलून बघितला, मग स्वतःचं नाव परत तपासलं. पुढचं बटण तोवर कीबोर्डच्या खाली गेलेलं, ते आहे हेच त्यांना कळेना. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला नाही जमत हे, तूच कर." जमत होतं की! गोव्यातल्या किती घरांच्या नंबरात तिरकी रेघ असते हे फॉर्म बनवणाऱ्याच्या गावीच नव्हतं. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये आलं नसतं.

पाच माणसं पुरतात असं जे सगळीकडे ऐकू येतं त्यामागे हिशोब आहे. नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं सूत्र असं की एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळत असतील तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के कळतात, पुढे तेच तेच दिसायला लागतं. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, परत पाच जण हे जास्त कामाचं. पण यात एक मेख आहे, पाचही एकाच प्रकारचे असले तरच हे गणित लागू पडतं. तुमचं निम्मं गिऱ्हाईक डिचोली-फोंड्याचं आणि निम्मं मुंबई-पुण्यात स्थायिक झालेलं किंवा गोवा फिरून घरी गेल्यावर काजू मागवणारं असेल, तर दोन्हीकडचे तीन-चार जण धरा. नुसते पणजीतले भाचे-पुतणे बसवले तर काय, सगळं छानच निघणार.

करताना दोन गोष्टी पाळा. फोन त्यांचाच हवा आणि नेटवर्कपण त्यांचंच. दुकानाच्या वायफायवर नवीन फोन घेऊन टेस्ट केली तर पावसात सत्तरीत नाहीतर काणकोणात एक काडी नेटवर्कवर फोटोच उघडत नाहीत हे कळणारच नाही. आणि काम सांगा, वाट सांगू नका. "बहिणीच्या फोंड्याच्या पत्त्यावर अर्धा किलो काजू पाठवा" असं म्हणा, "आधी मेनूत जा" असं म्हणालात की टेस्ट संपली. अडकले तरी गप्प बसायचं, हे सगळ्यात कठीण, दुकानदाराला तर फारच, लगेच बोट पुढे जातं.

मराठी किंवा कोकणी मजकूर असेल तर तो खास बघा, एक्स्पर्टचा डोळा बहुतेक इंग्रजी स्क्रीनवर असतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने चौकट केलेली असते, तिच्यात 'कुळीथ'चा खालचा उकार नाहीतर वरची वेलांटी कापली जाते. वयस्कर लोक फोनचा फॉन्ट मोठा करून ठेवतात, अँड्रॉइड १४ पासून तर तो २०० टक्क्यांपर्यंत वाढतो, आणि मग 'ऑर्डर करा' बटणावर नुसतं 'ऑर्ड' उरतं.

ॲनॅलिटिक्सचं, म्हणजे ॲपमध्ये लोक काय करतात त्याच्या आकडेवारीचं काय, असं कोणी विचारेलच. गूगलचं फुकटातलं फायरबेस लावलं तरी कुठल्या स्क्रीनवरून लोक पळतात ते कळतं, का पळतात ते नाही. टेस्टला कुठल्या स्क्रीनवर लक्ष ठेवायचं हे ठरवायला ते चांगलं. ए/बी टेस्टिंग, म्हणजे निम्म्या लोकांना जुनी आणि निम्म्यांना नवी स्क्रीन दाखवून तुलना करणं, ते मात्र लहान दुकानाने सोडून द्यावं. खरेदीचं प्रमाण २ टक्क्यांवरून २.५ वर गेलं हे खात्रीने म्हणायला दोन्ही बाजूंना साधारण १४-१४ हजार माणसं लागतात. तेवढी येत असती तर हे वाचत बसला नसता.

म्हणजे पहिल्या निर्णयात एक विरुद्ध दुसरा असं नाहीच, प्रश्न क्रमाचा आहे. आधी छोटी एक्स्पर्ट तपासणी, ढोबळ चुका काढून टाका, मग गिऱ्हाईक बसवा, नाहीतर पाचही जण त्याच लहान बटणावर अडकतात आणि त्यांचा वेळ फुकट जातो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मात्र मी डोळे झाकून गिऱ्हाईकाला घेईन.

टेस्टच्या शेवटी प्रत्येकाकडून एसयूएसचे (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारे) १० प्रश्न भरून घ्या. जॉन ब्रुकने १९८६ मध्ये केलेली ही प्रश्नावली, गुण ० ते १००, सरासरी ६८ धरतात. ती टक्केवारी नव्हे, ६८ म्हणजे फर्स्ट क्लास असं समजू नका. पाच जणांचा आकडा तसा कच्चाच, तरी बदल करण्याआधीचा आणि नंतरचा समोर असला की डेव्हलपरशी "मला बरं वाटत नाही" यापेक्षा जरा ठोस बोलता येतं.

आता मोठा खर्च. डागडुजी की नवं डिझाइन?

सापडलेली प्रत्येक अडचण घेऊन एकच विचारा, ही स्क्रीनवरची आहे की पायातली, म्हणजे ॲपच्या मूळ रचनेतली? तिरकी रेघ न चालणं, कीबोर्डखाली गेलेलं बटण, फिकट अक्षरं, उशिरा दिसणारा डिलिव्हरी चार्ज ही स्क्रीनवरची दुखणी, एकेक सुटतात. खातं उघडल्याशिवाय वस्तूच बघता येत नाहीत, वस्तूंचे विभाग दुकानाच्या गोदामाप्रमाणे लावलेत आणि गिऱ्हाईक शोधतं सणाप्रमाणे, भाषा बदलायची सोयच मुळात नाही, ही पायातली. पहिल्या जातीची पन्नास असली तरी डागडुजीच परवडते. दुसऱ्या जातीची तीन-चार निघाली तर रिडिझाइनचा विचार करा.

काही दुखणी फसवी असतात. यूपीआयचं घ्या. गिऱ्हाईक पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातं, पिन टाकतं, परत येतं तर समोर रिकामी कार्ट. स्वस्तातल्या फोनची मेमरी कमी, म्हणून तेवढ्यात अँड्रॉइडने मागे राहिलेलं आपलं ॲप बंद केलेलं असतं आणि ॲपने कुठे थांबलो होतो ते जपूनच ठेवलेलं नसतं. माणूस घाबरून परत पैसे भरतो, मग दुकानात फोन, मग रिफंड, मग तो परत येतच नाही. बघणाऱ्याला वाटतं पेमेंटची स्क्रीन वाईट आहे, नवी सुंदर स्क्रीन काढूया. स्क्रीन कितीही सुंदर करा, हे तसंच राहील. कार्ट जपून ठेवायची, आणि पैसे आले की नाही ते फोनवर अवलंबून न राहता आपल्या सर्व्हरने पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडून) खात्री करून घ्यायची, एवढंच काम आहे. डेव्हलपरकडे हाच प्रश्न आधी काढा, उत्तरावरून माणूस कळतो.

पूर्ण रिडिझाइनचा एक खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो, तो म्हणजे रोजच्या गिऱ्हाईकाची मोडलेली सवय. २०१८ मध्ये स्नॅपचॅटने मांडणी बदलली तेव्हा जुनं परत आणा म्हणून १२ लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या होत्या. तेवढी मोठी कंपनी ते पचवू शकते, म्हापशातलं दुकान नाही. म्हणून नवं काढायचंच असेल तर एकदम सगळ्यांवर सोडू नका. प्ले स्टोअरवर ठरावीक टक्के लोकांनाच अपडेट देता येतं, ॲपलकडे तर सात दिवसांत १ टक्क्यापासून १०० पर्यंत जाणारी सोय तयारच आहे.

डागडुजीची पण एक वाईट बाजू आहे, ती सांगायलाच हवी. ठिगळावर ठिगळ लावून काही वर्षांत एका स्क्रीनवर हिरवं बटण, दुसरीवर निळं, एकीकडे 'कार्ट' आणि दुसरीकडे 'पिशवी' असं होतं. रंग, बटणं, शब्द यांची एक छोटी यादी आधी ठरवून घ्या आणि प्रत्येक दुरुस्ती तिच्यातूनच करा, मग हा त्रास बराच कमी होतो.

काहीही निवडलं तरी काही गोष्टी आता कायद्यानेच काढाव्या लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या डिझाइनवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार आहेत. न विचारता कार्टमध्ये गिफ्ट पॅकिंग नाहीतर देणगी घालणं, "फक्त २ उरलेत" असं खोटंच दाखवणं, किंमत शेवटपर्यंत थोडीथोडी वाढवत नेणं हे त्यातले. आधीच टिक करून ठेवलेली संमती तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासूनच बंद आहे. नव्या डिझाइनच्या नमुन्यात असलं काही दिसलं तर तिथल्या तिथे काढायला सांगा, विक्री वाढते म्हणून कितीही पटवलं तरी.

तर, गिऱ्हाईकं येतायत पण चेकआऊटला गळतायत, ॲप तीन-चार वर्षांचंच आहे, बजेट बेताचं आहे, अशांनी एक्स्पर्टची छोटी तपासणी, पाच गिऱ्हाईकं आणि डागडुजी हाच रस्ता धरावा. ॲप इतकं जुनं की आता त्याला अपडेटच देता येत नाहीत, किंवा बनवणारा गायब आणि कोड कोणाकडेच नाही, त्यांना नवीन करण्यावाचून इलाज नाही, पण तिथेही आधी जुन्या ॲपवरच गिऱ्हाईक बसवा, नाहीतर त्याच चुका नव्या रंगात येतील. आणि ज्यांच्याकडे महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या ऑर्डरी येतात त्यांनी दोन्ही सोडून व्हॉट्सॲपवरची लिस्टच नीट लावावी, खरंच.

वेळेचं पण बघा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या महिन्यात कुठलाच मोठा बदल बाहेर सोडायचा नाही, दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल. आणि सही करण्याआधी करारात लिहून घ्या की प्ले कन्सोलचं अकाऊंट (ज्यावरून ॲप प्ले स्टोअरवर टाकतात ते), कोड आणि डिझाइनच्या मूळ फाइली दुकानाच्या नावावर राहतील. डेव्हलपरच्या अकाऊंटवर ॲप असेल आणि उद्या त्याच्याशी फिसकटलं, तर हे सगळं ठरवायचा अधिकारच तुमच्याकडे उरत नाही.